छापील कापड, हाती टाका: आपल्या आगमनाची शिवलेली नोंद

आगमनाचा इतिहास लिहायचा म्हटले की पहिला हात कागदाकडे जातो. लंडनजवळच्या केव येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ब्रिटनच्या बंदरांत उतरलेल्या प्रवाशांच्या १८७८ ते १९६० या काळातल्या याद्या जपून ठेवल्या आहेत. मुंबईहून निघून टिलबरीला लागलेल्या बोटींच्या याद्या चाळल्या की आपली आडनावे भेटतात. स्पेलिंग वाटेल तसे असते, पण माणूस ओळखू येतो. पुरुषांच्या नावापुढे विद्यार्थी, डॉक्टर, व्यापारी असे काहीतरी लिहिलेले असते. त्यांच्या पत्नीच्या नावापुढे बहुधा ‘घरकाम’. तेवढ्यावर तिची नोंद संपते.

त्या बाईने ट्रंकेतून काय आणले, हे कोणत्याच यादीत नाही. आमच्यापैकी अनेकांच्या घरी मात्र ते अजून आहे: माळ्यावर, पलंगाखालच्या बॅगेत, नाहीतर थेट अंथरुणात. गोधडी, दुपटे, आजीचे विटलेले इरकल. या शताब्दीनिमित्त आमच्या शिवणगटाने जे काम हाती घेतले, त्याची सुरुवात या कापडांपासून झाली. त्याविषयी सांगण्याआधी कापडाचा थोडा इतिहास सांगायला हवा. कारण आपले कापड या देशात आपल्या कितीतरी आधी आले होते.

छीट आली आणि तिच्यावर बंदी आली

इंग्रजीतला ‘चिंट्झ’ म्हणजे आपली छीट. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हे कापड लंडनला येऊ लागले आणि इथल्या लोकांना त्याचे वेड लागले. त्याचे मोठे कारण म्हणजे पक्का रंग. तुरटी किंवा लोखंडाचा द्राव कापडावर आधी रेखायचा, मग ते रंगात उकळायचे. तुरटीच्या जागी लाल उमटतो, लोखंडाच्या जागी काळा. निळ्यासाठी बाकीचा भाग मेणाने झाकून कापड नीळीत बुडवायचे. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कारागिरांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली होती. धुतल्यावरही न जाणारे असे रंग सुती कापडावर चढवणे तेव्हा युरोपात कोणाला जमत नव्हते.

इथले लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. १७०० साली पार्लमेंटने देशात वापरण्यासाठी छापील सुती कापड बाहेरून आणण्यावर बंदी घातली आणि १७२१ साली असे बहुतेक कापड अंगावर घालण्यावर व घरात वापरण्यावरही. अंथरूण-पांघरूणही त्यातून सुटले नाही. हा कायदा १७७४ पर्यंत टिकला. पण हाताशी असलेला तुकडा कोणी टाकून देत नव्हते. कंब्रियातल्या लेव्हन्स हॉल या वाड्यात भारतीय छिटीच्या तुकड्यांची एक रजई आहे. ती १७०८ च्या सुमाराची असल्याचे सांगतात, आणि इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या ठिगळकामांत तिची गणना होते. पुढे छिटीवरची फुले-पाखरे कातरून पांढऱ्या कापडावर टाचण्याची रीतही इथे रूढ झाली. महागडे छापील कापड थोडेसेच असेल, तर ते पुरवून कसे वापरावे याचा हा मार्ग होता. छापील कापड आणि हातशिलाई यांचा इथला संसार असा जुना आहे.

वऱ्हाडचा कापूस, लँकेशायरचा छाप

१७८३ साली टॉमस बेल याने रूळावर कापड छापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. ठशांनी दिवसभरात जेवढे छापून होई, तेवढे यंत्र थोडक्या वेळात छापू लागले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस यायचा थांबला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबई बंदराकडे तोंड वळवले. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला, पण व्यापार चालू राहिला. १८७० मध्ये खामगावच्या बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा पोहोचला. आपल्या शेतातला कापूस समुद्रापार जायचा, आणि विलायती कापड आपल्या बाजारात परत यायचे.

त्यात एक लाल कापड होते. ‘टर्की रेड’ नावाचा हा पक्का लाल रंग ग्लासगोजवळच्या लेव्हन नदीच्या खोऱ्यात चढवला जाई. त्यावर मोर, कोयऱ्या, बांधणीसारखे ठिपके छापून ते हिंदुस्थानात पाठवले जाई. त्या नमुन्यांच्या वह्या आज एडिंबराच्या नॅशनल म्युझियममध्ये आहेत. तोच लाल रंग वेल्स आणि डरहॅमच्या रजयांतही दिसतो. हिंदुस्थानातली बाई आणि डरहॅमच्या खाणवस्तीतली बाई एकाच रंगाचे कापड हाताळत होत्या, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता.

दोन गोधड्या

दोघींचे शिवणकाम मात्र वेगळे. डरहॅमची रजई लाकडी चौकटीवर ताणून शिवत. वर नवे किंवा बरे कापड, खाली अस्तर, मध्ये लोकर किंवा कापूस. नक्षी आधी निळ्या पेन्सिलीने आखून देणारे ‘स्टँपर’ हे स्वतंत्र व्यावसायिक होते. ॲलनहेड्सचा जॉर्ज गार्डिनर आणि त्याच्याकडे शिकलेली एलिझाबेथ सँडरसन ही त्यांतली प्रसिद्ध नावे. खाणीत नवरा गेला की बाई ‘क्विल्ट क्लब’ चालवी: शेजारणी दर आठवड्याला थोडे पैसे भरत आणि ती पाळीपाळीने एकेकीची रजई शिवून देई. आपल्या भिशीची आठवण यावी अशी ही रीत. १९२८ मध्ये सरकारी मदतीने चालणाऱ्या रूरल इंडस्ट्रीज ब्यूरोने या बायकांना लंडनची गिऱ्हाइके मिळवून देण्याची योजना आखली, आणि क्लॅरिजेससारख्या हॉटेलात त्यांच्या रजया गेल्या.

आपल्या गोधडीला चौकट नाही, आखणी नाही, मध्ये भरायला वेगळा कापूस नाही. थरावर थर जुन्या कापडाचेच. खाली अख्खे लुगडे, मध्ये धोतराचे पाने आणि चिंध्या, वर जे बरे उरले असेल ते. शेतीची कामे उरकली की उन्हाळ्यात अंगणात किंवा ओसरीवर ती अंथरायची आणि कडेपासून आत, चौकटीत चौकट असा धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. इंग्लिश रजईत टाका जितका बारीक तितकी शिवणारीण कुशल. गोधडीचा टाका लांब, डोळ्यांना दिसणारा आणि हाताला लागणारा असतो. कोणी शिवली हे टाक्यावरून ओळखता येते, असे जुन्या बायका सांगत. ती सहीच म्हणायची, फक्त ती वाचणारी माणसे घरातलीच होती.

घरातली माणसे गेली की ही सही कोणालाच वाचता येत नाही. आमच्या चिंतेचे मूळ इथे आहे.

नावे राखणारे कापड

कापडावर नाव घातले तर काय होते, याचे उदाहरण १९४२ मधले आहे. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यावर चांगी तुरुंगात डांबलेल्या बायकांनी तीन रजया केल्या. मूळ कल्पना एथेल मुलव्हानी या कॅनेडियन बाईंची. प्रत्येक रजईत सहासष्ट चौकोन, एकेका बाईने भरतकाम केलेले, बहुतेकांवर नाव. रजया रुग्णालयासाठी म्हणून बाहेर गेल्या. दुसरीकडे कैदेत असलेल्या पुरुषांना आपली बायको जिवंत आहे हे कळावे, हा त्यामागचा हेतू होता. त्यांतली एक आज ब्रिटिश रेडक्रॉसकडे आहे.

रजई भिंतीवर टांगून चित्रासारखी पाहण्याची दृष्टी अलीकडची. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने १९७१ मध्ये जुन्या अमेरिकन रजया चित्रांसारख्या मांडल्या. ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये क्विल्टर्स गिल्ड स्थापन झाले. १७१८ हे साल घातलेले एक रेशमी ठिगळकाम त्यांच्या संग्रहात आहे. २०१० मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तीनशे वर्षांच्या रजयांचे प्रदर्शन भरवले. त्यात वाँड्सवर्थ तुरुंगातल्या कैद्यांनी शिवलेली रजईही होती. आता छायाचित्र, पत्र, नकाशा असे काहीही कापडावर छापून ते हाताने शिवणारे कलावंत जगभर आहेत. आमचे काम त्याच वाटेवरचे.

कात्री लावावी की नाही

शताब्दीची गोधडी करायची ठरली आणि पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. घरोघरची जुनी लुगडी कापून ती शिवावी, असा एक विचार. ‘आईच्या लुगड्याला मी कात्री लावणार नाही,’ असे एका वहिनींनी स्पष्ट सांगितले. त्यावर एक काकू म्हणाल्या, ‘तुमच्या आईने स्वतःच्या आईचे लुगडे फाडूनच तुम्हाला दुपटे केले होते ना?’ दोघींचेही खरे होते. गोधडी ही वापरण्याची वस्तू. जपून ठेवले ते लुगडे, फाडले ती गोधडी. पण ज्या देशात त्या आईची हीच एक खूण उरली आहे, तिथे कात्री जड होते.

तोडगा निघाला तो छापाचा. लुगडे न कापता त्याच्या काठापदराचे छायाचित्र घ्यायचे, ते सुती कापडावर छापायचे आणि छापलेले कापड कापायचे. मग कापडाबरोबर कागदही आले: निळे अंतर्देशीय पत्र, बोटीचे तिकीट, लोणच्याच्या प्रमाणांची वही.

त्यासाठी केलेल्या प्रयोगांतून जे हाती आले ते इथे नोंदवतो, कारण इतर मंडळांना त्याचा उपयोग होईल. इस्त्रीने चित्र उतरवायच्या कागदाचा कापडावर रबरी थर बसतो आणि त्यातून हातसुई नीट जात नाही. शाई थेट धाग्यात मुरेल असे, छपाईसाठी तयार केलेले सुती कापडच घ्यावे. पिगमेंट शाई उन्हात अधिक टिकते. फार घट्ट विणीच्या कापडावर अक्षर रेखीव उमटते पण तीन थर शिवताना बोटे दुखतात. मध्यम विणीचे बरे. छायाचित्रातल्या चेहऱ्यावरून टाका नेला तर तो व्रणासारखा दिसतो, म्हणून धावदोरा चेहऱ्याभोवतून न्यावा. पत्राच्या ओळींखालून मात्र तो जरूर न्यावा. टाक्याने कापड दोन्ही बाजूंनी किंचित दबते, मधली ओळ उठून दिसते, आणि आजीचे अक्षर बोटांना लागते. गटातल्या ज्या मुलांना मराठी वाचता येत नाही, त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवून ‘हे काय लिहिले आहे?’ असे विचारले. तेवढ्यासाठी सगळा खटाटोप सार्थकी लागला असे आम्हाला वाटते.

अस्तरासाठी मात्र आम्ही खरी जुनी लुगडी वापरली. ज्या घरांनी आपण होऊन दिली, त्यांची, आणि अख्खी, न कापता. त्यामुळे पुढच्या बाजूला आठवणीची प्रत आहे आणि पाठीला मूळ वस्त्र. शिवण कडेपासून मध्याकडे, चौकटीत चौकट, आपल्याच पद्धतीची. टाके एकसारखे नाहीत. शिवणारे हात अनेक होते आणि ते दिसावेत असेच आम्हाला हवे होते.

नाव शिवा

छाप कायमचा नसतो. जुन्या छिटीत लोखंडाच्या काळ्या रंगाने रेखलेली ओळच आधी कुरतडली जाते, हे संग्रहालयात जाणाऱ्यांनी पाहिले असेल. आमची शाईही कधीतरी फिकी होईल. म्हणून प्रत्येक चौकोनामागे त्या बाईचे नाव, गाव आणि इथे आल्याचे साल दोऱ्याने घातले आहे. काहींच्या बाबतीत यासाठी घरात बरीच विचारपूस करावी लागली. ‘आजी’, ‘काकी’, ‘मोठ्या वहिनी’ एवढेच ठाऊक होते. माहेरचे नाव सांगू शकेल असे एखादेच माणूस उरले होते.

वाचकांना विनंती एवढीच. घरातली गोधडी बाहेर काढा, एक दिवस सावलीत हवेवर ठेवा, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या. ती कोणी शिवली, कोणाच्या लुगड्याची, कोणाच्या बाळंतपणाला आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि पांढऱ्या फितीवर दोऱ्याने लिहून ती फीत एका कोपऱ्याला टाचा. मग खुशाल पांघरा. वापरल्याने ती झिजेल, पण कोणाची होती हे कळत राहील. बोटीच्या यादीतला ‘घरकाम’ हा शब्द आपल्याला बदलता येणार नाही. त्या घरकामात काय काय होते, हे लिहून ठेवणे मात्र अजून आपल्या हातात आहे, आणि त्याला एक सुई पुरते.