खंड्याची समाधी आणि शिरवळचे महाविद्यालय : सेवक श्वानांच्या उपचाराचा एक विचार

सातारा शहराच्या पूर्वेस कृष्णा व वेण्णा या नद्यांच्या संगमावर, माहुली येथे, एका कुत्र्याची समाधी दाखविली जाते. हा छत्रपती शाहूंचा खंड्या, अशी स्थानिक परंपरा आहे. वाघाच्या शिकारीत शाहूंचा जीव वाचविणाऱ्या कुत्र्याची कथा साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनेही १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात दिली आहे. त्या कुत्र्यास जहागिरीची सनद व पालखीचा मान मिळाल्याचे तो सांगतो. डफला यात राजाचा लहरीपणा दिसला. आपणांस यात दुसरेही काही दिसू शकते : मुक्या जनावराच्या सेवेचे ऋण राज्याने मानावे, ही भावना. तथापि त्या हकिकतीत पालखी आहे, वैद्य नाही. अश्ववैद्यकास शालिहोत्राची दीर्घ परंपरा लाभली होती, कारण घोड्यावर फौज उभी असे. श्वानाचे महत्त्व शिकारीपुरते. त्यामुळे त्याच्या वाट्यास उपचारापेक्षा कौतुकच अधिक आले असावे.

मुंबईत १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि पशुचिकित्सेस आधुनिक शिक्षणाचा आधार मिळाला. पुढे १९५९ मध्ये मुंबई पोलिसांचे श्वानपथक स्थापन झाले. मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर त्याच पथकातील ‘जंजीर’ या लॅब्रॅडोर श्वानाने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिल्याचे सांगितले जाते. तो २००० च्या नोव्हेंबरात कर्करोगाने मरण पावला, तेव्हा त्यास पोलीस इतमामाने निरोप देण्यात आला. शाहूकालीन पालखीचा आणि या मानवंदनेचा भाव एकच आहे. प्रश्न मानवंदनेच्या आधीच्या घटकांचा आहे.

जखमी श्वानाच्या बाबतीत वेळ फार थोडा असतो. रक्तस्राव दाबून थांबविणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, उष्माघातात अंग पाण्याने व वाऱ्याने निववणे, हे प्रथमोपचार हस्तकास, म्हणजे श्वान हाताळणाऱ्या शिपायास, येणे अवश्य आहे. वेदनेने व्याकूळ झालेले इमानी जनावरही चावते, म्हणून तोंड बांधावे लागते; परंतु धाप लागलेल्या किंवा वांती करणाऱ्या श्वानाचे तोंड बांधणे घातक ठरते. यापुढील काम वैद्याचे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत वैद्यांकडे राखला आहे. तेव्हा सारे काही ‘वैद्यापर्यंत किती वेळात पोचता येते’ यावर येऊन ठेपते.

येथे सातारा-सांगलीचा भूगोल बोलू लागतो. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये विभाजन झाले आणि दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. दोन्ही जिल्ह्यांना जोडणारे नाव प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांचे. त्यांच्याच नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ साली शिरवळ येथे स्थापन झाले. पण शिरवळ हे सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, नीरेच्या काठी. साताऱ्याहून ते सुमारे ६० किलोमीटर, तर सांगलीहून पावणेदोनशेच्या घरात पडते. जतच्या माळावर जखमी झालेल्या श्वानास हे अंतर आणखी लांबते. गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाईम्हशींसाठी उभारले गेले. शेतीप्रधान प्रदेशात ते स्वाभाविकही होते.

परदेशातही ही उणीव अपघातानेच उघडकीस आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एप्रिल २०१८ मध्ये एक पोलीस अधिकारी गोळीबारात मारला गेला व त्याचा ‘नीरो’ हा श्वान जखमी झाला. माणसांच्या रुग्णवाहिकेतून श्वान नेण्यास तेथील कायद्याची मुभा नव्हती. नीरो वाचला, आणि २०२२ मध्ये, कोणा माणसास त्या वाहनाची गरज नसेल तर जखमी पोलीस श्वानास त्यातून नेण्याची व त्यावर प्रथमोपचार करण्याची परवानगी देणारा कायदा झाला.

यावरून एवढे अनुमान काढता येते की, कृतज्ञता ही जुनी आहे आणि व्यवस्था नवी. माहुलीच्या समाधीने पहिलीची साक्ष दिली. दुसरीची साक्ष हस्तकाच्या पिशवीतील पट्ट्या, आधी ठरवून ठेवलेले वाहन आणि रात्रीही दार उघडणारा वैद्य हेच देऊ शकतील.