काळी माती, तांबडी माती आणि एक डंपर

आमच्या सोसायटीशेजारी नवीन टॉवरची खोदाई चालू आहे. परवा शनिवारी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा होतो, तर डंपरमागून डंपर काळी माती भरून चाललेले. तिच्या जागी मुरूम पडणार. बिल्डरचंही चूक नाही म्हणा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे पाडते.

बायको रत्नागिरीची. ती म्हणाली, "अशी माती आमच्याकडे असती तर कलमं लावायला बाबांना कातळ फोडावा लागला नसता."

आता गंमत बघा. सह्याद्रीच्या अलीकडचा आणि पलीकडचा मूळ खडक बहुतेक ठिकाणी एकच, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मग माती वेगळी का? उत्तर आहे पाऊस. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. तो खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, अगदी सिलिकासुद्धा धुऊन नेतो. मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजे आपला जांभा. फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरने मलबारात असाच दगड पाहिला. लोक तो कापून विटांसारखा वापरत. १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याने त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात, त्यावरून.

घाटावर पाऊस कमी. धुऊन जायचं ते बरंचसं जागीच राहतं आणि त्यातून स्मेक्टाइट नावाची चिकणमाती बनते. पापडांच्या चळतीसारखे तिचे पातळ थर. थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते. इमारतीला नडतो तो हाच गुण. पण याच गुणामुळे पाऊस संपल्यावरही नुसत्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते.

आणि खतं कशी टिकतात? ते शोधलं इंग्लंडमधल्या एका जमीनदाराने. शेणखतातला अमोनिया पावसात वाहून जातो का, ही यॉर्कशायरच्या एच. एस. थॉम्पसनची चिंता. त्याने मातीत अमोनियम सल्फेट घालून वरून पाणी सोडलं. खालून निघालं मुख्यतः कॅल्शियम सल्फेट! म्हणजे मातीने अमोनिया ठेवून घेतला आणि बदल्यात कॅल्शियम सोडलं. चक्क स्वॅप! पुढे जे. थॉमस वे या रसायनतज्ज्ञाने १८५० ते १८५२ दरम्यान दाखवलं, की ही करामत चिकणमातीची. मोठमोठ्यांना ते पटलं नाही, खुद्द लीबिगलाही. पण वे बरोबर होता. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो, तो धनभारित पोषकद्रव्यं धरून ठेवतो. काळ्या मातीत हा भार भरपूर, जांभ्याच्या मातीत अगदी कमी. सासऱ्यांच्या कलमांना दरवर्षी खत का लागतं, ते आत्ता कळलं.

असो. संध्याकाळी खाली जाऊन सुपरवायझरला विचारलं, "एवढी माती कुठे जाते हो?"

"कुठेतरी भराव घालायला. तुम्हाला हवीय का साहेब? फुकट न्या."

फुकट! जी बनायला हजारो वर्षं लागली, ती एका दुपारी कुठल्यातरी खड्ड्यात.

दोन पोती भरून आणली. त्यात थोडी वाळू, थोडं शेणखत मिसळलं. गॅलरीतल्या कढीपत्त्याला आता रोज पाणी घालावं लागत नाही. उरलेले डंपर मात्र अजून जाताहेत.