भूगोलाचा पदवी-प्रकल्प : सौदी अरेबियातील वाद्या आणि जेद्दाचा धडा

भूगोल विषयाच्या पदवी अभ्यासक्रमात अखेरच्या वर्षी विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, परंतु स्वतंत्रपणे जे संशोधन करावयाचे असते, त्यास पदवी-प्रकल्प म्हणतात. सौदी अरेबियात त्याला ‘मश्रूअ अत्-तखर्रुज’, म्हणजे पदवीपूर्तीचा प्रकल्प, असे नाव आहे. रियाधचे किंग सौद विद्यापीठ (स्थापना १९५७), जेद्दाचे किंग अब्दुलअझीझ विद्यापीठ (स्थापना १९६७) आणि मक्केचे उम्म अल-कुरा विद्यापीठ येथे भूगोलाचे अध्यापन होते. अध्यापनाची भाषा अरबी आहे. प्रकल्पाचे लेखन आणि त्यावरील तोंडी चर्चा, म्हणजे ‘मुनाकशा’, हीदेखील साधारणतः त्याच भाषेत होते.

प्रकल्प कशासाठी?

पहिल्या तीन वर्षांत विद्यार्थी इतरांनी काढलेले निष्कर्ष शिकतो. अखेरच्या वर्षी त्याने स्वतः एक प्रश्न विचारावा, त्यासाठी माहिती गोळा करावी आणि तिच्या आधारे जितके सिद्ध होते तितकेच सांगावे, अशी अपेक्षा असते. पदवीच्या पातळीवर नवा सिद्धान्त कोणी मागत नाही. प्रश्न, माहिती आणि निष्कर्ष यांचा मेळ बसतो की नाही, हीच खरी कसोटी असते.

सौदी अरेबियात ही कसोटी विशेष कठीण ठरते. सुमारे २१.५ लाख चौरस किलोमीटरच्या या देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. आहेत त्या ‘वाद्या’. वादी म्हणजे वर्षातील बहुतेक काळ कोरडी असणारी आणि पाऊस पडताच काही तासांत दुथडी भरून वाहणारी दरी. मराठीतील ‘वाडी’शी या शब्दाचा संबंध नाही, आपल्याकडील कोरडा ओढा हे तिचे जवळचे रूप होय. कोरड्या पात्रात घरे बांधण्याचा मोह कोणालाही होतो आणि त्याची किंमत पाऊस वसूल करतो.

जेद्दाचे उदाहरण

जेद्दा शहर पूर्वेकडील हिजाझचे डोंगर आणि पश्चिमेकडील तांबडा समुद्र यांच्यामधील अरुंद पट्टीवर वसले आहे. डोंगरातून उतरणाऱ्या वाद्या शहर ओलांडूनच समुद्राकडे जाऊ शकतात. शहर पूर्वेकडे वाढत गेले, तशी वस्ती या वाद्यांच्या पात्रांत आणि मुखांशी शिरली.

२५ नोव्हेंबर २००९ रोजी, हज यात्रेच्या पहिल्याच दिवशी, येथे सुमारे चार तासांत ९० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. जेद्दाचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान साधारण ५० ते ६० मिलिमीटर आहे. शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वादी कौसच्या मार्गातील कुवैझा वस्तीची मोठी हानी झाली आणि किंग अब्दुलअझीझ विद्यापीठाच्या परिसरातही पाणी शिरले. राजे अब्दुल्ला यांनी चौकशीचे आदेश दिले, पुढे अधिकाऱ्यांवर खटलेही चालले. जानेवारी २०११ मध्ये शहर पुन्हा बुडाले. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी तर सहा तासांत १७९ मिलिमीटर पावसाची नोंद झाली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि मिठी नदीने मुंबईला आपले अस्तित्व दाखवून दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या आंबिल ओढ्याने तेच केले. पावसाचे आकडे निराळे असले तरी प्रश्न एकच आहे : पाण्याची वाट कोठे होती आणि तिच्यावर आज काय उभे आहे? पदवीच्या विद्यार्थ्याला पेलेल असा हा प्रश्न आहे.

प्रश्न लहान करणे

‘जेद्दातील पूर’ हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही. तो ग्रंथाचा विषय आहे. ‘अमुक एका वादीच्या पाणलोट क्षेत्रात २००० ते २०२० या काळात बांधीव जमीन किती वाढली आणि तिच्यापैकी किती भाग मुख्य प्रवाहमार्गापासून शंभर मीटरच्या आत आहे?’ हा विषय होऊ शकतो. त्यात जागा, काळ आणि मोजावयाची गोष्ट या तिन्ही बाबी ठरलेल्या आहेत. विषयाच्या वाक्यात यांपैकी एक जरी सुटली, तरी प्रकल्प सहसा मुदतीत पूर्ण होत नाही.

मानवी भूगोलाकडे कल असणाऱ्यासाठीही अशीच मर्यादा आखता येते. २०२२ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे ३.२२ कोटी असून तिच्यातील ४१.६ टक्के लोक बिगर-सौदी आहेत. यापूर्वीच्या जनगणना १९७४, १९९२, २००४ आणि २०१० साली झाल्या. एका शहरातील शाळा वा दवाखाने वस्तीपासून किती अंतरावर आहेत, अशा विषयांना ही आकडेवारी आधार देते. शेतीच्या अभ्यासकाला उत्तरेकडील वर्तुळाकार सिंचनाची शेते आहेत. भूजलाच्या उपशामुळे शासनाने २००८ साली देशांतर्गत गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे ठरविले. त्या निर्णयानंतर एखाद्या क्षेत्रातील हिरव्या वर्तुळांचे काय झाले, हे उपग्रहचित्रांवरून मोजता येते.

माहिती आणि तिची पद्धत

लँडसॅट उपग्रहांची चित्रे २००८ पासून विनामूल्य उपलब्ध आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे १० मीटरपर्यंतच्या तपशिलाची आहेत. जमिनीच्या उंचीसाठी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानातून झालेल्या रडार सर्वेक्षणाची आकडेवारी सर्वाधिक वापरली जाते. तिचा चौकोन सुमारे ३० मीटरचा असतो. क्यूजीआयएस हे विनामूल्य सॉफ्टवेअर या कामास पुरेसे आहे.

पद्धत थोडक्यात अशी : उंचीच्या आकडेवारीतील खोटे खड्डे प्रथम भरून घ्यावयाचे. नंतर प्रत्येक चौकोनातील पाणी सभोवतालच्या आठ चौकोनांपैकी सर्वाधिक उताराच्या चौकोनाकडे जाते, असे मानून प्रवाहाची दिशा काढावयाची. एखाद्या चौकोनात वरचे किती चौकोन येऊन मिळतात, हे मोजले की प्रवाहमार्ग दिसू लागतात. किती चौकोन मिळाल्यावर प्रवाह मानावा, हे विद्यार्थ्याने ठरवावयाचे असते. एक चौकोन ९०० चौरस मीटरचा. हजार चौकोनांची मर्यादा म्हणजे ०.९ चौरस किलोमीटर. ही मर्यादा बदलली की नकाशावरील प्रवाहांची संख्या बदलते. म्हणून ती का निवडली, हे प्रकल्पात लिहिलेच पाहिजे.

प्रवाहांची श्रेणी स्ट्रालर यांच्या पद्धतीने लावतात. उगमाचे प्रवाह पहिल्या श्रेणीचे. समान श्रेणीचे दोन प्रवाह मिळाले की श्रेणी एकने वाढते. असमान मिळाल्यास मोठी श्रेणी कायम राहते. त्यानंतर क्षेत्रफळ, प्रवाहांची घनता आणि उंचीतील फरक मोजून त्या नकाशावर बांधीव जमिनीचा नकाशा ठेवावयाचा.

नकाशाची मर्यादा

येथेच चांगला आणि सामान्य प्रकल्प वेगळे होतात. २००० सालच्या सर्वेक्षणात त्यानंतर बांधलेले रस्ते, धरणे आणि कालवे नाहीत. रडारने टिपलेली उंची अनेकदा जमिनीची नसून छपरांची असते. रस्त्याखालील तीन मीटर रुंदीची मोरी ३० मीटरच्या चौकोनात दिसत नाही, आणि शहरात पाणी तुंबते ते बहुधा अशा मोरीपाशीच. संगणकाने काढलेली निळी रेषा ही पाण्याची शक्य असलेली वाट आहे; ती प्रत्यक्ष वाट आहे की नाही, हे जागेवर जाऊनच कळते.

म्हणून क्षेत्रपाहणी अपरिहार्य ठरते. नकाशावरील वीस-पंचवीस बिंदू आधीच निवडून तेथे पात्र आहे की भराव, मोरी किती रुंद आहे, भिंतींवर पाण्याच्या जुन्या खुणा आहेत काय, याची नोंद करावी. किती बिंदूंवर नकाशा खरा ठरला आणि किती ठिकाणी खोटा, हा तक्ता प्रकल्पातील सर्वांत मौल्यवान पान ठरतो. चुकलेले बिंदू वगळणे हा संशोधनातील अप्रामाणिकपणा होय. त्या नकाशाच्या भरवशावर उद्या कोणी घर बांधेल किंवा पाडेल, याचे भान विद्यार्थ्याने ठेवले पाहिजे.

परवानग्या आणि सुरक्षितता

क्षेत्रकार्यापूर्वी विद्यापीठाचे पत्र जवळ असणे इष्ट. लष्करी व सुरक्षाविषयक स्थळांचे छायाचित्रण निषिद्ध आहे आणि ड्रोनसाठी नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी लागते. प्रश्नावलीतून व्यक्तिगत माहिती गोळा करावयाची असल्यास सप्टेंबर २०२३ पासून अमलात आलेला व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा लागू होतो. मक्केच्या पवित्र हद्दीत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, हे अभ्यासक्षेत्र निवडतानाच लक्षात घ्यावे. पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी वादीत उतरू नये. वाहत्या वादीतून वाहन नेणे दंडनीय आहे.

महाराष्ट्रात शिकणाऱ्यांसाठी

आखातातील अनेक मराठी कुटुंबांची मुले बारावीपर्यंत तेथील भारतीय शाळांत शिकून पदवीसाठी महाराष्ट्रात परततात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार चार वर्षांची पदवी १६० श्रेयांकांची आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रबंध असतो. उपग्रहचित्रे आणि उंचीची आकडेवारी कोठूनही मिळते. त्यामुळे पुण्यात वा मुंबईत शिकणारा विद्यार्थी, मार्गदर्शकाची संमती असल्यास, आई-वडील राहत असलेल्या शहरातील वादी अभ्यासू शकतो आणि हिवाळी सुटीत बिंदूंची पाहणी करू शकतो. परिसराची ओळख ही त्याची जमेची बाजू ठरते.

वेळेचे नियोजन

दोन सत्रांचा काळ असल्यास पहिल्या सत्राचा पूर्वार्ध प्रश्न ठरविण्यास आणि पूर्वीचे संशोधन वाचण्यास, तर उत्तरार्ध माहिती मिळवून प्राथमिक नकाशे करण्यास द्यावा. दुसऱ्या सत्राच्या प्रारंभी क्षेत्रपाहणी उरकावी. जेद्दात पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारीत पडत असल्याने त्यानंतरचे आठवडे त्यास योग्य. लेखनासाठी किमान सहा आठवडे राखून ठेवावेत. मुनाकशेत पहिला प्रश्न बहुधा ‘हे कशावरून म्हणता?’ असाच असतो. ज्याच्या वहीत प्रत्येक बिंदूची तारीख, स्थान आणि मोजमाप आहे, त्याला या प्रश्नाची भीती वाटण्याचे कारण नाही.