नानांच्या कागदावरचं 'नाना'

घरातल्या मंडळींना ही गोष्ट अर्धीमुर्धी ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. गाव आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या वरच्या अंगाला. १९७४ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, बेळगावला ट्रेनिंग केलं, आणि १९८३ साली फेफऱ्याच्या दुखण्यामुळे मेडिकल बोर्ड होऊन घरी आले. नोकरी नऊ वर्षांची. दहा भरली नव्हती, म्हणून ग्रॅच्युइटीची रक्कम तेवढी मिळाली. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज नामंजूर! आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीमुळे वाढलेलाही नाही. इंग्रजीत 'नायदर अ‍ॅट्रिब्यूटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड'. फौजेच्या बोलीत याचं लघुरूप काय, माहितेय? 'नाना'. मला हसू आलं होतं. नाना हसले नाहीत.

अपिलाला सहा महिन्यांची मुदत होती. नानांनी गावातल्या गुरुजींकडून अपील लिहून घेतलं. त्याची कार्बन कॉपी अजून ट्रंकेत आहे. त्यात एक वाक्य आहे : हा रोग कशाने झाला ते मला सांगता येत नाही, पण भरती झालो तेव्हा नव्हता. पहिला अर्धा भाग गाळा, असं गुरुजी म्हणाले होते म्हणे. नाना म्हणाले, खोटं कशाला? अपील फेटाळलं गेलं. आपल्या खरेपणानेच केस गेली, असं नाना पुढे तीस वर्षं धरून बसले. पुढे दुसरंही अपील करता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). लष्कराच्या १९८२ च्या नियमांत नेमकं उलटं लिहिलं आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा धडधाकट होता असं धरायचं. पुरावा द्यायची जबाबदारी जवानावर नाही. शंका असेल तर फायदा त्याला. हा विचार जुना आहे. ब्रिटनमध्येही आधी जवानालाच सगळं सिद्ध करावं लागे. १९४३ साली, ऐन महायुद्धात, तिथे लोकांनी ओरड केली आणि ते ओझं सरकारवर गेलं. म्हणजे नानांच्या वाक्याचा पहिला भाग निरुपद्रवी होता, आणि दुसऱ्या भागात सगळी केस होती!

हे मला कळलं ते धरमवीर सिंग यांच्या निकालामुळे. सिग्नल्समधले जवान, भरती १९८५, घरी १९९४, अपंगत्व २० टक्के. आजार? फेफरं. त्यांचाही अर्ज फेटाळलेला. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी नोंद नाही, बोर्डाने कारण दिलेलं नाही, मग पेन्शन नाकारता कसं?

पण तीस वर्षं उशीर झाला, त्याचं काय? त्यावरही निकाल होता. तरसेम सिंगही नानांसारखेच १९८३ साली घरी आलेले, कोर्टात गेले ते १९९९ मध्ये. २००८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पेन्शन दर महिन्याला थकतं, म्हणून उशिराने दाद मागता येते. मात्र थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची.

२००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं होतं, मुंबईला त्याचं खंडपीठ आहे. पूर्वी हायकोर्टाशिवाय वाट नसे. मंचरहून पुणे, पुण्याहून मुंबई, अशा किती फेऱ्या झाल्या ते सांगत बसत नाही. असो. पेन्शन सुरू झालं.

फरकाचा हिशेब मी नानांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला.

"तीनच वर्षांचं? अन् मागची सत्तावीस रं?"

मी कोर्टाचं म्हणणं पुन्हा समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि गुरुजींच्या हातची ती कार्बन कॉपी मागितली.