हिरवी शिट्टी

ऑस्ट्रेलियात खेळताना कुणाचा हात मोडला, तर अँब्युलन्सवाले त्याच्या हातात चक्क एक हिरवी शिट्टी देतात! वाजवायची नाही, तोंडाने ओढायची. आत मेथॉक्सीफ्लुरेन नावाचं द्रव असतं, फक्त ३ मिली. काही श्वासांतच ठणका कमी होतो आणि पेशंट शुद्धीवर राहतो.

गंमत म्हणजे हे एकदा बाद झालेलं औषध आहे. १९६० मध्ये ते ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला आलं. पण तासन्‌तास हुंगवलं की शरीरात त्यातून फ्लोराइड सुटायचं आणि किडनी बिघडायची. काही पेशंट दगावलेसुद्धा. १९७० च्या दशकात डॉक्टरांनी ते सोडलं. २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही सुरक्षिततेच्या कारणावरून ते बाद ठरवलं.

ऑस्ट्रेलियात मात्र ते टिकलं. कारण दोष मात्रेत होता. वेदना कमी करायला भुलेपेक्षा कितीतरी कमी डोस पुरतो. म्हणून दिवसाला जास्तीत जास्त ६ मिली आणि किडनीचा आजार असेल तर अजिबात नाही, असा नियम. २०१५ मध्ये ब्रिटननेही परवानगी दिली.

आम्हा आयटीवाल्यांना बग सापडला की अख्खं मॉड्यूल फेकायची घाई असते. बग नक्की कितीपासून सुरू होतो, हे आधी मोजायला हवं, नाही का?