वीज गेल्यावर ऐकू येणारा आवाज

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या गावाच्या नावातच एक अडचण आहे, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळले. ‘भिवंडी’ म्हणताना ‘भ’बरोबर तोंडातून हवेचा झोत निघतो. तो थेट माइकवर आदळला की ‘फट्’ असा आवाज होतो. एका श्रुतिकेत भूमिका करण्यासाठी मी मुंबईतल्या एका ध्वनिमुद्रण कक्षात उभा होतो. तीस वर्षे व्यासपीठांवरून कविता म्हटल्या, पण निव्वळ आवाजाने अभिनय करण्याची ही पहिलीच वेळ. माझे पहिलेच वाक्य होते, ‘भिवंडीहून आलोय.’ ते चार वेळा फुटले. शेवटी काचेपलीकडचा तरुण तंत्रज्ञ म्हणाला, ‘काका, माइकसमोर जरा तिरके उभे राहा. आणि ओरडू नका.’

ओरडणे हा आम्हा भिवंडीकरांचा स्वभाव नाही, ती गरज आहे. गल्लोगल्ली यंत्रमाग चालतात. त्या खडखडाटात दोन कामगारांना बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते, नाहीतर हातवारे करावे लागतात. लहानपणी वीज गेली की माग थांबत आणि मगच माणसांचे आवाज ऐकू येत. अशा वेळी माझी दादी ओट्यावर बसून गोष्टी सांगे. अंधारात तिचा चेहरा दिसत नसे. राजा, फकीर, म्हातारी, मांजर हे सारे तिच्या आवाजातच असायचे.

मंडळी, रेडिओनाट्याचा जन्मही अंधारातच झाला. रेडिओसाठी म्हणून लिहिलेले पहिले नाटक समजले जाते, ते बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी प्रसारित केले. रिचर्ड ह्यूज यांचे ते नाटक कोळशाच्या खाणीत घडते. दिवे गेले आहेत आणि पात्रांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. श्रोत्यालाही काही दिसत नाही, मग पात्रांनाच अंधारात ठेवा, ही त्यांची युक्ती.

त्यानंतर साडेतीन वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. सुरुवातीच्या काळात श्रुतिका थेट प्रसारित होत. चुकलेले वाक्य परत घेता येत नसे. पात्र दूर गेले असे दाखवायचे तर नट खरोखरच माइकपासून मागे सरके. घोड्याच्या टापा करवंट्यांच्या आणि ढगांचा गडगडाट पत्र्याचा असे. पुढे मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ने बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू यांचे आवाज घराघरांत नेले. आमच्याही घरात टेकाडे भावजी आले की दादी पदराआड हसायची. ही माणसे आपण कधी पाहिलेली नाहीत, असे तिला वाटतच नसे.

आता माझ्या भूमिकेकडे वळतो. मला एका म्हाताऱ्या मुसलमान विणकराचे काम होते. कागदावर त्याची वाक्ये होती, ‘हम तुमको बोला ना, हमारा पोरगा ऐकता नाही.’ दिग्दर्शक भला माणूस होता. तो म्हणाला, ‘थोडं मुसलमानी करा.’ मी म्हटले, ‘अहो, मी मुसलमानच आहे, आणि असा बोलत नाही.’

क्षणभर कोणीच बोलले नाही. मराठी नाटक-सिनेमात मुसलमान आला की पुष्कळदा तो असाच बोलतो आणि लोक हसतात. त्यात कोणाचा दुष्टावा असतो असे नाही, सवय असते. पण त्या सवयीपुढे मला शाहीर अमर शेख आठवले. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६ साली बार्शीचा. लोकगीतांचा वारसा त्यांना आई मुनेरबींकडून मिळाला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या विराट सभा ज्या पहाडी आवाजाने पेटत, तो आवाज एका शेखचा होता. तो मराठीच होता.

दिग्दर्शकाने कागद बाजूला ठेवला. म्हणाला, ‘मग तुमच्या घरच्यासारखं बोला.’

खरी फजिती इथे झाली. मी बोललो आणि तो हसून म्हणाला, ‘काका, हा तर अग्रलेख झाला!’ बरोबर होते त्याचे. कॉलेजात माझ्या उच्चारांना मुले हसत, तेव्हापासून मी जीभ घासूनपुसून घेतली होती. बी. ए. होईपर्यंत दादीचा कोकणी हेल माझ्या तोंडून पार गेला. दुसऱ्यांनी चढवलेला मुखवटा मला लगेच दिसला होता. माझा स्वतःचा मात्र तीस वर्षे दिसला नाही.

मी दिवा मालवायला सांगितले. कागद दिसेना, पण आता त्याची गरज नव्हती. वीज गेलेल्या रात्रीचा ओटा डोळ्यांपुढे आणला आणि समोर एकच ऐकणारा आहे असे समजून हळू बोललो. मराठी क्रियापदे, मध्येच एखादा फारसी शब्द, वाक्याच्या शेवटी किंचित लांबवलेला सूर. काचेपलीकडून कोणी थांबवले नाही.

प्रसारणाच्या दिवशी शेजारचा कारखाना जोरात चालू होता. मी रेडिओ कानाला लावून बसलो, तरी अर्धे ऐकू आले नाही. संपल्यावर ठाण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, ‘भाई, भिवंडी फुटलं नाही हं या वेळी!’ मग थोडे थांबून म्हणाली, ‘दादी होती ना ती?’