जालन्याची तार

मोर्सच्या लिपीत ‘जालना’ हे नाव रोमन अक्षरांतून पाठवले, तर जे, ए, एल, एन आणि पुन्हा ए अशी पाच अक्षरे होतात. त्यांच्या खुणा ·−−− ·− ·−·· −· ·− अशा. म्हणजे सात ठिपके आणि सात रेघा. ठिपक्याची एक मात्रा, रेघेच्या तीन. अक्षराच्या आतल्या खुणांमध्ये एका मात्रेची उसंत, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रांची, दोन शब्दांमध्ये सात मात्रांची. या हिशेबाने हे नाव उमटायला ४९ मात्रा लागतात. तारमास्तराचे खरे कसब या उसंतीत होते. ए या अक्षरातली उसंत लांबली, की पलीकडे ई आणि टी अशी दोन अक्षरे ऐकू जात.

भारतात तारेचे जाळे डॉ. विल्यम ओशॉग्नेसी यांनी उभारले. १८५४ मध्ये मुंबई, आग्रा आणि कलकत्ता तारेने जोडले गेले. पुढच्या वर्षी ही सोय सर्वसामान्यांसाठी खुली झाली. ओशॉग्नेसींनी आधी स्वतःच्या बनावटीचे सुईचे यंत्र वापरले होते. त्याची जागा १८५७ च्या सुमारास मोर्सच्या यंत्राने घेतली.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्ग जालन्यावरून गेला आणि रुळांच्या कडेने तारेचे खांबही आले. कापसाच्या पेठेला याचे मोल मोठे होते, कारण मुंबईचा भाव पत्राने कळेपर्यंत शिळा होई. आकार शब्दांवर होता, म्हणून मजकूर आधी कागदावरच छाटला जाई. बडे व्यापारी तर अख्ख्या वाक्यासाठी एकच सांकेतिक शब्द वापरत. अशा शब्दांचा ‘ए बी सी’ हा कोश १८७३ मध्ये निघाला होता.

मराठी मजकुराची मात्र रोमन लिपीत ओढाताण होई. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट यांना एकच खूण. ‘माल’ आणि ‘माळ’ तारेवर सारखेच. संदर्भावरून अर्थ लावण्याचा भार घेणाऱ्यावर पडे, आणि घरच्या आजारपणाच्या तारेत तो फारच जड होता. देवनागरी तारांची सेवा १९४९ मध्ये सुरू झाली, तेव्हा ही अडचण मुळापासून दूर होण्याची वाट मिळाली. त्या लिपीत क, म, ल यांना रोमन के, एम, एल यांच्याच खुणा दिल्या होत्या, त्यामुळे जुन्या तारमास्तरांना सगळेच नव्याने शिकावे लागले नाही.

पुढे टेलिप्रिंटरने मोर्सची कट्ट-कडकट्ट हळूहळू थांबवली. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.